खालच्या माणसानं वर बघायचं

भावोजी हे काही त्यांचं खरं नाव नव्हे. खरं नाव चांगलं भारदस्त होतं. पण त्यांचा मेहुणा त्याच हॉटेलात कामाला लागला आणि सकाळ-संध्याकाळ "भावोजी, अहो भावोजी" करत सुटला. तेव्हापासून स्वागताच्या टेबलावरच्या मुलीपासून बागेतल्या माळ्यापर्यंत सगळेच त्यांना भावोजी म्हणायला लागले. एखाद्या मेहुण्याचे भावोजी सगळेच असतात हो, हे अख्ख्या हॉटेलचे झाले. एवढा मान मिळाल्यावर माणसानं ताठ मानेनं चालावं की नाही? पण छे! भावोजींची मान सदा खाली.

ते हॉटेलच्या तळघरात, धुलाईखान्यात इस्त्रीवर होते. तळघराचं छत असं की हात वर केला तर बोटं टेकावीत. त्यात गरम पाण्याचे पाइप आडवेतिडवे गेलेले, म्हणजे उंच माणसानं वाकूनच चालायचं. उकाडा, वाफ, ओल्या चादरींचा वास. बाकीची माणसं तिथून कधी सुटतो म्हणून वाट बघायची. भावोजी मात्र माहेरपणाला आल्यासारखे रमायचे. मध्यंतरी मॅनेजरसाहेबांनी त्यांना वर घ्यायचं ठरवलं. खोल्यांवर देखरेख, हातात किल्ल्यांचा जुडगा, अंगावर कोट. भावोजींनी हात जोडले. म्हणाले, "मी आपला इथंच बरा." सगळ्यांनी तोंडात बोटं घातली. काय हा माणूस, हाव म्हणून नाही!

हाव नव्हती हे खरं. पण वर न जाण्याचं कारण ते नव्हतं. भावोजींना उंच छताची भीती वाटायची.

हसू नका. कुणाला झुरळाची भीती वाटते, कुणाला सासूची. यांना छताची वाटायची. उंच छताखाली उभं राहिलं की त्यांना वाटायचं, आता आपण वर पडणार. माणूस खाली पडतो हे शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं, भावोजींनाही ठाऊक होतं, पण त्यांच्या पोटाला ते कोण समजावणार? वरून कुणीतरी ओढतंय असं व्हायचं, तळपाय हलके व्हायचे, जीभ टाळ्याला चिकटायची. आणि चुकून वर बघितलं तर संपलंच. म्हणून मोठ्या जागी ते फरशीचा एक चौकोन नजरेनं धरायचे, तिथवर जायचे, मग पुढचा धरायचे. असं करत करत त्यांनी अर्धं आयुष्य काढलं होतं.

गंमत अशी की लोकांनी या भीतीचे सगळे सद्गुण करून टाकले. बायकामाणसांकडे नजर वर करून बघत नाहीत, म्हणून सज्जन. सासऱ्यांनी तर याच गुणावर मुलगी दिली. साहेबांपुढे मान झुकवतात, म्हणून नम्र. मोठं, हवेशीर घर मिळत असताना माळ्याखालच्या बुटक्या दोन खोल्यांत राहिले, म्हणून बायको शेजारणींना सांगायची, "आमचे हे फार समाधानी हो." भावोजी हे सगळं ऐकून घ्यायचे, मनातल्या मनात शरमायचे, आणि मान आणखी खाली जायची. की लोक म्हणायचे, बघा बघा, स्तुती केली तर कसे लाजतात!

एकट्या मावशीच त्या कौतुकात नसायच्या. मावशी म्हणजे धुलाईखान्याच्या मुख्य. जीभ अशी की डाग काढायला साबण नको. त्या चादरी झटकता झटकता म्हणायच्या, "खाली मुंडी, पाताळ धुंडी! अशी गरीब माणसंच बिलंदर असतात, मला विचारा." चेष्टाच असायची ती. पण भावोजींच्या काळजात काटा रुतायचा.

आता मेहुण्याचं सांगते. अंगानं किडकिडीत, शिडीवर सरसर चढायचा, म्हणून त्याला सगळे खारू म्हणायचे. आई लवकर गेली, तेव्हा भावोजींच्या बायकोनं या धाकट्या भावाला कडेवर घेऊन वाढवलं होतं. त्याचा या भावोजींवर इतका विश्वास की त्यांनी दिवसाला रात्र म्हटलं असतं तर हा अंथरूण घालायला गेला असता. हॉटेलातले उंचावरचे सगळे दिवे खारूकडे.

हॉटेलची लॉबी चार मजले उंच. वरपर्यंत नुसती पोकळी. त्या पोकळीतून लांबलचक साखळ्या खाली सोडलेल्या आणि प्रत्येक साखळीला कलिंगडाएवढा काचेचा गोळा. बल्ब गेला की खारू चाकांच्या उंच शिडीवर चढायचा, गोळा काढायचा, पुसायचा, बल्ब बदलायचा आणि गोळा पुन्हा साखळीच्या आकड्यात अडकवायचा. आकड्याचं तोंड मिटायला एक बारीकशी खिटी. ती नीट बसली तर गोळा जन्मभर हलणार नाही. नाही बसली तरी तो लगेच पडत नाही, तीच तर पंचाईत. नुसता टेकून राहतो आणि थंड हवेच्या झोतानं हलत हलत केव्हातरी निसटतो.

आणि ती खिटी वरच्या माणसाला दिसत नाही. गोळ्याची पितळी टोपी आड येते, त्यामुळे वरचा आपला चाचपडून लावतो. खालच्यानं जरा मागे सरून तिरकं वर बघितलं की मात्र स्वच्छ दिसते. म्हणून कामाची रीतच तशी: वरच्यानं लावायची, खालच्यानं बघायची. वरचा ओरडणार, "बसली?" खालच्यानं बघून सांगायचं, "बसली." मग वरचा हात सोडणार.

एके दिवशी खालचा नेहमीचा माणूस रजेवर गेला. त्याची बायको बाळंत झाली होती. खारू तळघरात आला.

"भावोजी, जरा वर चला. साहेब म्हणाले, सगळे गोळे आजच्या आज पुसून हवेत."

"मी? अरे, इथं उशांच्या अभ्र्यांचा ढीग पडलाय."

"मावशींना विचारलंय मी. अहो, काही करायचं नाही. नुसतं बघायचं. बघायला काय लागतं, डोळेच ना?"

"जा हो," मावशी म्हणाल्या, "तेवढीच हवा लागेल अंगाला."

तेव्हाच बोलायला हवं होतं. मला भीती वाटते. तीन शब्द. ते जिभेपर्यंत आलेही होते. पण समोर मावशी कमरेवर हात ठेवून उभ्या, आणि खारू असा बघतोय की जणू भावोजी म्हणजे देवमाणूस. छताला भितो म्हटलं असतं तर संध्याकाळपर्यंत हॉटेलभर झालं असतं. मग ती सज्जनता, ती नम्रता, ते समाधान, सगळ्याचीच शिवण उसवली असती. भावोजींनी इस्त्री बाजूला ठेवली आणि गेले.

लॉबीत त्यांनी एक खांब गाठला आणि हाताचा पंजा त्यावर दाबून धरला. शिडीच्या पायाशी खारूनं चपला काढून ठेवल्या होत्या. भावोजींनी नजर त्या चपलांवर रोवली. डाव्या चपलेचा अंगठा झिजलेला होता. वरून आवाज आला, "भावोजी, बसली?"

मान उचलायची म्हणून त्यांनी खरंच जोर लावला. मान हलेना.

"बसली?" पुन्हा.

"बसली!" भावोजी म्हणाले.

पहिल्यांदा म्हणताना घाम फुटला. दुसऱ्यांदा तितका नाही. नंतर नंतर तर खारूनं विचारायचा अवकाश, यांचं "बसली" तयार. खोटं एकदा अंगवळणी पडलं की त्याला सुरकुती राहत नाही. सगळे गोळे झाले तेव्हा खारू खाली उतरून म्हणाला, "काय खणखणीत आवाज आहे भावोजी तुमचा! तुम्हीच या आता रोज." भावोजी हसले. चपलांकडे बघत हसले.

दुसऱ्याच दिवशी दुपारी वरून असा आवाज झाला की तळघरातले पाइप थरथरले. मधला एक गोळा सोफ्यावर पडला होता. त्या सोफ्यावर बसलेले एक म्हातारे पाहुणे चष्मा विसरला म्हणून नुकतेच उठून गेले होते. चष्मा न विसरते तर... पुढचं कुणी बोलतच नव्हतं. सोफ्याच्या खोळी खाली धुवायला आल्या. भावोजींनी मावशींना म्हटलं, "तुमचे हात कापतील, मी करतो." आणि ते संध्याकाळपर्यंत खोळींच्या शिवणींतून काचेचे कण वेचत बसले. बोटं रक्ताळली. मावशींनी पट्टी आणून दिली, ती त्यांनी बांधली नाही.

मॅनेजरसाहेबांनी दोघांना बोलावलं ते लॉबीतच, रिकाम्या साखळीखाली.

"खिटी लावली होतीस?" साहेबांनी खारूला विचारलं.

"लावली होती, साहेब."

"खालच्या माणसाला विचारलं होतंस?"

"हो तर. भावोजी होते ना. मी 'बसली?' म्हटलं, ते 'बसली' म्हणाले, मगच हात सोडला. विचारा त्यांना."

साहेब वळले. "काय हो भावोजी? यानं विचारलं होतं? तुम्ही बघून सांगितलंत?"

वर ती चार मजल्यांची पोकळी. समोर खारू. भीती छताची किती आणि खरं बोलण्याची किती, हे त्यांना त्या वेळी कुणी विचारलं असतं तरी सांगता आलं नसतं. मान होती त्याहून खाली गेली.

साहेबांनी सुस्कारा सोडला. "राहू द्या. समजलो मी. यानं घाईघाईत विचारलंच नाही, होय ना? सख्ख्या मेहुण्याविरुद्ध कसे बोलणार तुम्ही! तुमची मानच सांगतेय सगळं."

अहो, मान कसली सांगतेय डोंबल! ती बिचारी नेहमीसारखी लोंबत होती. पण माणसाला एकदा सज्जन ठरवलं की त्याच्या गप्प बसण्याचेही अर्थ काढतात, आणि अर्थ निघाला तो असा.

खारू भावोजींकडे बघत राहिला. हळूच म्हणाला, "मी विचारलं होतं ना, भावोजी?" भावोजी त्याच्या चपलांकडे बघत होते. तेव्हा त्याचा चेहरा उतरला, आणि तो स्वतःशीच बोलल्यासारखं बोलला, "का मला त्याच्या आधीच्या गोळ्याचं आठवतंय? इतके गोळे झाले... एखादा राहिला असेल." भावोजी खोटं वागतील हे त्याच्या डोक्यातच येईना. त्यापेक्षा स्वतःची आठवण खोटी पडलेली त्याला पटली.

"आणि बाकीचे गोळे?" साहेबांनी विचारलं. "ते तरी तुम्ही बघितलेत ना?"

भावोजींनी होकारार्थी मान हलवली.

हे मात्र त्यांचंच होतं, बरं का. याचा अर्थ कुणी काढला नाही, कुणी त्यांच्यावर लादला नाही. खारूला निर्णय होईपर्यंत घरी बसायला सांगितलं. तो निघाला तेव्हा शिडीखालून चपला शोधायला वाकला. त्या तिथं नव्हत्या, त्याच्या पायातच होत्या, इतका तो गोंधळला होता.

त्या आठवड्यात भावोजींच्या घशाखाली घास उतरला नाही. खारू पलीकडच्या गल्लीतच राहायचा, रोज संध्याकाळी बहिणीकडे येऊन बसायचा. एरवी घरात पाऊल टाकलं की याचे विनोद सुरू. आता चहाचा कप दोन्ही हातांनी धरून नुसता बसे. एकदा स्वयंपाकघरातला बल्ब गेला. बायको सहज म्हणाली, "अरे, तेवढा बदल रे." त्या बुटक्या खोलीतला बल्ब, स्टुलाचीही गरज नाही. खारूनं स्वतःच्या हातांकडे बघितलं.

"दुसऱ्या कुणाला सांग, ताई. माझ्या हाताचा मलाच भरवसा वाटत नाही. घरी माझ्या छोटीला उचलतानासुद्धा वाटतं, धरलंय ना आपण नीट?"

तो गेल्यावर बायकोनं डोळ्यांना पदर लावला. मग नवऱ्याच्या ताटाकडे बघून म्हणाली, "तुम्ही का जिवाला लावून घेता? तुम्ही तरी काय करणार? त्यानं विचारलंच नाही, तर विचारलं म्हणून खोटं कसं सांगणार तुम्ही? मी ओळखते ना तुम्हाला."

भावोजींना वाटलं, हिनं थोबाडीत मारली असती तरी बरं झालं असतं. त्यांनी उठून बल्ब बदलला.

बोलायचं रोज ठरायचं. इस्त्री फिरवता फिरवता ते वाक्य जुळवायचे: साहेब, असं असं झालं. चादर संपायची, वाक्य संपायचं नाही. आणि त्याहून वाईट म्हणजे ते बाकीचे गोळे. ते लॉबीत तसेच लटकत होते, कारण भावोजींनी मान हलवली होती. त्यांच्याखालून पाहुणे जात होते, पोरं पळत होती. वर कुठं पेटी आपटली, ट्रॉली धडकली, की तळघरात भावोजींच्या हातातली इस्त्री थांबायची. दोनदा तर साहेबांचा शर्ट करपला. मावशी म्हणाल्या, "तुम्हाला झालंय तरी काय? कुणाचा खून करून आलात का?" आणि भावोजी पांढरेफटक पडले. त्यानंतर मावशींनी चेष्टा केली नाही.

मग एका दुपारी मावशी वरून टॉवेलांचा गठ्ठा घेऊन आल्या आणि म्हणाल्या, "भावोजी, तुमची मंडळी आलीय की वर. भावासाठी साहेबांना भेटायचंय म्हणे. बसलीय बिचारी केव्हाची."

"कुठं बसलीय?"

"कुठं म्हणजे? लॉबीत, सोफ्यावर."

भावोजी धावले. इस्त्री तशीच, हात ओले, मागच्या जिन्यानं दोन-दोन पायऱ्या घेत. लॉबीचं दार ढकललं तर समोर बायको. ठेवणीतले कपडे घातलेले, पर्स मांडीवर घट्ट धरलेली, आणि ऐन गोळ्याखाली बसलेली.

"ऊठ!" भावोजी ओरडले.

या माणसाचा ओरडा तिथं कुणी कधी ऐकला नव्हता. टेबलावरची मुलगी दचकून उभी राहिली.

"अहो, काय झालं?"

"ऊठ म्हणतो ना तिथून! वरचं पडेल!" ते तसेच मान खाली घालून फरशीवरून धावले, तिला दंडाला धरून ओढत भिंतीशी आणलं. साहेब आवाज ऐकून केबिनबाहेर आले.

आणि आठवडाभर जे वाक्य जुळत नव्हतं ते आपोआप बाहेर पडलं. "साहेब, त्या खिट्या मी बघितल्याच नाहीत. एकही नाही. खारूनं विचारलं होतं, प्रत्येक वेळी विचारलं होतं. मी न बघता 'बसली, बसली' म्हणत होतो. त्याला उगीच घरी बसवलंत. माणसं हलवा इथली आधी, पाया पडतो तुमच्या."

साहेब जवळ आले. भावोजींच्या खांद्यावर त्यांनी हात ठेवला आणि अगदी मऊ आवाजात म्हणाले, "भावोजी, मन मोठं आहे तुमचं. मेहुण्यासाठी दोष स्वतःवर घेताय. कोण करतं हो आजकाल असं?"

"नाही हो साहेब! मला वर बघताच येत नाही. भीती वाटते मला. छताची."

टेबलाकडून फिसकन हसू आलं. साहेबांनीही ओठ दाबले. "छताची? भावोजी, खोटं बोलायची सवय नाही तुम्हाला. निदान पटेल असं तरी काही सांगायचं."

घ्या! वर्षानुवर्षं खोटं खपलं, कुणी हूं की चूं केलं नाही. आणि आता खरं घेऊन उभे राहिले तर गिऱ्हाईक मिळेना.

भावोजींनी बायकोकडे बघितलं. तिच्या तोंडावर काळजी होती, थोडा अभिमानही होता. तिलाही साहेबांसारखंच वाटत होतं. तो अभिमान त्यांना सहन झाला नाही. ते भिंत सोडून पुढे आले, लॉबीच्या मध्यावर उभे राहिले, आणि त्यांनी मान वर केली.

साखळ्या दिसल्या. गोळे दिसले. त्यांच्यावर मजल्यामजल्याचे कठडे, गोल गोल वर जाणारे, आणि त्याच्याही वर काहीच नाही, नुसता पांढरा उजेड. जमीन सुटली. भावोजी वर पडायला लागले.

"धरा! धरा मला!" ते किंचाळले. "मी चाललो!" दोन्ही हात हवेत झाडत ते कोसळले, गालिच्यावर पालथे झाले आणि गालिचा मुठीत पकडून ओकले. आता कुणी हसलं नाही. साहेबांच्या चेहऱ्यावरचा मऊपणा कुठल्या कुठं गेला. ते मान उंचावून एकेका गोळ्याकडे बघायला लागले आणि बघता बघता मागे सरले. मग त्यांनी लॉबी रिकामी करायला सांगितलं, दोर बांधायला सांगितला, आणि खारूला बोलवायला माणूस पाठवला.

बायकोनं नवऱ्याला जिन्यात आणून बसवलं. तिथं छत बुटकं होतं. रुमालानं त्यांचं तोंड पुसलं. मग म्हणाली, "पहिल्यापासून आहे हे?"

"हो."

"आणि आपलं घर? मी आपली सांगत फिरते, आमचे हे समाधानी..."

"बुटकं होतं म्हणून घेतलं."

तिनं रुमालाची घडी केली, उलगडली, पुन्हा केली. "छताला घाबरलात, ते समजू शकते मी. माणसाला कसलीही भीती वाटते. पण माझा भाऊ रोज तुमच्यासमोर येऊन बसत होता. त्याचा चेहरा तर उंचावर नव्हता ना? तो दिसत होता ना तुम्हाला?"

ती उठून लॉबीत गेली.

खारू आला. साहेबांनी त्याला सगळं सांगितलं, तेही जरा खालच्या आवाजात, कारण त्यांनाही आता काही सुचत नव्हतं. खारूनं ऐकून घेतलं. जिन्याच्या दारात भावोजी उभे होते, त्यांच्याकडे त्यानं एकदा बघितलं. शिडी ढकलत आणली, चपला काढल्या आणि पहिल्या पायरीवर हात ठेवून तो तसाच उभा राहिला.

"खाली कोण थांबतंय?" त्यानं विचारलं.

"मी थांबतो," भावोजी म्हणाले. "आज बघतो मी. मेलो तरी बघतो."

"नको," खारू म्हणाला. रागानं नाही, साधंच. "ताई, तू थांब. जरा मागे सरायचं आणि तिरकं बघायचं. दिसलं तरच सांग."

भावोजी परत पायरीवर बसले. दाराआडून त्यांना सगळं ऐकू येत होतं. शिडीची करकर. "बसली?" मग शांतता. त्या शांततेत ती खरोखर बघत होती. मग तिचा आवाज, "हं. बसली." पुढचा गोळा. पुन्हा तसंच. ती कुठंही घाई करत नव्हती. आणि मग एकदा, स्वागताच्या टेबलाच्या बरोबर वरच्या गोळ्यापाशी, खारूनं हात लावायच्या आधीच ती ओरडली, "अरे, ही उघडी आहे! नुसता टेकलाय रे गोळा, सांभाळ!" टेबलावरची ती हसणारी मुलगी रडायला लागली. भावोजींनी दोन्ही हातांनी तोंड झाकून घेतलं. आठ दिवस. त्या मुलीच्या डोक्यावर, आठ दिवस.

काम आटोपल्यावर खारू जिन्याकडे आला. एक पायरी सोडून बसला. त्याचा शर्ट घामानं पाठीला चिकटला होता. साहेबांनी त्याला उद्यापासून कामावर यायला सांगितलं होतं आणि भावोजींना सकाळी केबिनमध्ये बोलावलं होतं.

"चूक माझी आहे, खारू," भावोजी म्हणाले. "तुझ्या हाताची नाही."

"हाताचीही आहे. ही उघडी राहिली म्हणजे त्या पडलेल्या गोळ्याचीही उघडीच राहिली असणार. वर चुकतो कधीकधी हात, हे मला माहीत आहे. सगळ्यांचाच चुकतो." तो तळहात पँटला पुसत राहिला. "मला भीती वाटते, एवढं म्हणाला असतात, तर मी माळ्याला बोलावून आणलं असतं. हसलोही नसतो."

"तुला कसं कळणार? तू तर खारीसारखा चढतोस. तुला भीती कसली ते ठाऊकच नाही."

खारूनं मान वळवून त्यांच्याकडे बघितलं. त्याला खरंच आश्चर्य वाटलं होतं.

"कुणी सांगितलं? मला रोज वाटते, भावोजी. शिडी जरा हलली की पोटात गोळा येतो, हात कापतात. म्हणून तर खाली आपला माणूस लागतो."

मग तो उठला आणि शिडी जागेवर ठेवायला गेला.